मागें कोण राहील?

वचनपाठ : मार्क ६, वचनें ३० ते ४६

या वचनपाठांतील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. बारा शिष्य गांवोगांवची सेवा आटोपून प्रभूकडे परत आले आहेत, आणि आपण काय केलें व काय शिकविलें तें सर्व त्याला सांगत आहेत. परंतु येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ इतकी आहे कीं, त्यांना दोन घांस खाण्याचीहि सवड मिळत नाहीं. अशा वेळीं प्रभु त्यांच्या कामाचा हिशेब घेत नाहीं, कीं नवें काम त्यांच्या अंगावर टाकीत नाहीं. लोकांपासून एकीकडे जाऊन थोडा विसांवा घेण्यास तो त्यांना सांगतो. या वचनावरून विश्रांतीविषयीं पुष्कळ उपदेश झाले आहेत, आणि ते बहुधा पाळकांना, शिक्षकांना व सुवार्तिकांना उद्देशून झाले आहेत. परंतु दोन घांस खाण्याची सवड नसलेलें आणखी एक माणूस आपल्या बहुतेक मंडळ्यांत आहे. तें उपासनेला आलेलेंच नसतें, म्हणून त्याच्याविषयीं उपदेश करण्याचें आपणांस सुचत नाहीं.

ज्या घरांतील वडील माणसाची स्मृति गेली आहे, त्या घरची सून, लेक किंवा पत्नी, हें तें माणूस होय. आपल्या खेड्यांत या स्थितीला म्हातारचळ म्हणतात, आणि 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण टाकून लोक मोकळे होतात. ज्यांना मोकळें होतां येत नाहीं त्यांचा दिवस कसा जातो तें पाहा. सासूबाई चुलीवर दूध ठेवून विसरतात. नुकत्याच जेवून उठलेल्या असतां ओसरीवर बसून, सुनेनें उपाशी ठेविलें, असें शेजाऱ्यांना सांगतात. पैशांची पुरचुंडी स्वतःच धान्याच्या कणगींत लपवितात आणि चोरीचा आळ सुनेवर घेतात. दिवेलागणीला कावऱ्याबावऱ्या होतात, आणि ज्या घरांत पन्नास वर्षें नांदल्या त्याच घराच्या दाराची कडी काढीत, मला माझ्या घरीं जाऊं द्या, म्हणून विनवितात. रात्रीं दोन वाजतां उठून रस्त्याला लागतात. या सर्वांमागून जी धांवते ती पहांटे उठून भाकरी थापते, पाणी भरते, आणि हंगाम असेल तर शेतावरहि जाते.

हा वयाचा धर्म नव्हे, हा मेंदूचा रोग आहे, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. इ.स. १९०६ मध्यें अल्झायमर नांवाच्या जर्मन डॉक्टरनें एका बाईची हकीकत वैद्यांच्या सभेपुढें मांडिली. तिची स्मृति पन्नाशीच्या सुमारासच जाऊं लागली होती, आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूंत विशेष प्रकारचे बिघाड आढळले होते. इ.स. १९१० मध्यें या रोगाला त्याच डॉक्टरचें नांव देण्यांत आलें. स्मृतिभ्रंशाचें सर्वांत मोठें कारण तो होय. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हें दुसरें. थायरॉईड ग्रंथि मंद झाली, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलें, किंवा खिन्नतेचा आजार जडला तरी तशींच लक्षणें दिसतात, आणि तीं उपचारानें सुधारूं शकतात. म्हणून डॉक्टरला एकदां तरी दाखविल्यावांचून, आतां वय झालें, असें कोणीं म्हणूं नये. परंतु अल्झायमरचा रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप कोणापाशीं नाहीं. अशा रोगांत सांभाळ हाच मोठा उपचार ठरतो, आणि सांभाळ म्हणजे सांभाळणारी.

अशीं घरें थोडीं नाहींत. इ.स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनें असा अंदाज केला कीं, भारतांतील साठ वर्षांवरील माणसांपैकीं शेंकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारें ८८ लक्ष लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आणि शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक आढळलें. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, अशा रुग्णांच्या सांभाळांत कुटुंबीयांचे जे तास जातात त्यांपैकीं शेंकडा ७० स्त्रियांचे असतात. हा आंकडा वाचून आमच्या कित्येक भगिनी हंसतील. त्यांच्या घरीं तो शेंकडा शंभर भरतो. इ.स. १९८१ मध्यें अमेरिकेंत नॅन्सी मेस व पीटर राबिन्स यांनीं अशा कुटुंबांसाठीं एक पुस्तक लिहिलें. त्याच्या नांवाचा अर्थच 'छत्तीस तासांचा दिवस' असा आहे.

आतां हें काम शास्त्रानें कोणाला नेमून दिलें आहे? आईबापांचा मान राखण्याची पांचवी आज्ञा त्यांच्या लेकरांना आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत विधवेच्या सांभाळाची जबाबदारी तिच्या मुलांवर व नातवंडांवर ठेविली आहे. आपल्या देशांत इ.स. २००७ सालीं आईवडिलांच्या निर्वाहाविषयीं जो कायदा झाला, त्यांतहि मुलगा, मुलगी, नातू व नात अशींच नांवें घातलीं आहेत. आज्ञेंत सून नाहीं, पत्रांत सून नाहीं, कायद्यांत सून नाहीं. आणि रात्रीं ओलें अंथरूण बदलावयास सूनच उठते. वधस्तंभावर असतां प्रभूनें आपली माता ज्याच्या स्वाधीन केली तो शिष्य पुरुष होता, आणि त्यानें तिला आपल्या घरीं नेलें. पुरुषांच्या सभेंत या वचनावर उपदेश झालेला आम्हीं फार क्वचित ऐकला आहे.

कोणी म्हणेल, रूथ सून नव्हती काय? होती. परंतु नामी तिला वारंवार परत जाण्यास सांगत असतां तिनें आपण होऊन सासूची सोबत पतकरिली, आणि नामीला स्वतःची व सुनेची पूर्ण शुद्ध होती. जिला कोणीं कधीं विचारलेंच नाहीं, आणि जिला सासू ओळखीतहि नाहीं, तिच्यापुढें रूथचें उदाहरण ठेवून निघून जाणें सोपें आहे. आपण तें पुष्कळदां केलें आहे. वार्षिक सभेंत आदर्श सून म्हणून शाल पांघरिली, फोटो काढिला, टाळ्या वाजविल्या. आणि ती शाल ट्रंकेंत ठेवून ती बाई पुन्हां रात्रीच्या पहाऱ्याला बसली.

चौथ्या आज्ञेकडे वळूं. शब्बाथाची आज्ञा घरधन्याला आहे, आणि विसांवा कोणाकोणाला मिळावा याची यादी तींत दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेंढोरें, आणि वेशीच्या आंत राहणारा परका. या यादींत पत्नीचें नांव नाहीं. टीकाकार म्हणतात कीं, आज्ञा ज्याला दिली त्याच्यांतच ती अंतर्भूत आहे, आणि तें आम्हांस मान्य आहे. मग घरधनी जेव्हां रविवारीं दुपारीं आडवा होतो तेव्हां तीहि आडवी झाली पाहिजे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत हीच आज्ञा पुन्हां आली आहे. तेथें बैल व गाढव यांना विसांवा, आणि दासीचा मुलगा व परका यांना हुशारी यावी, असा हेतु सांगितला आहे. हुशारी येण्यासाठीं जो इब्री शब्द आहे त्याचें मूळ श्वासाशीं जोडलेलें आहे. आपल्या बोलींतील 'दम खाणें' हा शब्द त्याच्या अगदीं जवळ येतो. जुवाखालचा बैल थकला हें शेतकरी त्याच्या पावलावरून ओळखतो, आणि तासाच्या शेवटाला त्याला उभा करितो. त्याच शेतकऱ्याला घरांतील माणसाची पावलें मोजतां येऊं नयेत काय?

दम न मिळाल्यानें काय होतें तेंहि सांगितलें पाहिजे. इ.स. १९९९ मध्यें अमेरिकेंतील शुल्ट्स व बीच या संशोधकांनीं आपल्या आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्ध माणसांचा चार वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्यांना सांभाळाचा ताण जाणवत होता त्यांच्यांत, तसा भार नसलेल्यांपेक्षां, मृत्यूचा धोका शेंकडा ६३ नीं अधिक आढळला. म्हणजे एका खाटेवरच्या रोग्यामागें दुसरें माणूस चालतेंबोलतें असतां खचत असतें, आणि तिकडे कोणाचें लक्ष नसतें.

आणखी एक गोष्ट अशा घरांत घडते, जी चार लोकांत कोणी बोलत नाहीं. सलग तिसऱ्या रात्रीं झोप मोडली म्हणजे तोंडून वाईट शब्द निघतो. दंडाला धरून ओढलें जातें. कधीं हातहि उठतो. मग तीच बाई कोपऱ्यांत बसून रडते, आणि आपल्याला क्षमा नाहीं असें समजून प्रार्थना करावयाचेंहि सोडते. म्हाताऱ्या, अजाण माणसावर हात उगारणें हें पाप आहे. आम्ही तें झांकीत नाहीं. परंतु एलीयाची गोष्ट आठवा. रतामाच्या झुडपाखालीं बसून तो मरण मागत होता. तेथें आलेल्या दूतानें त्याला बोल लाविला नाहीं, आणि उपदेशहि केला नाहीं. भाजलेली भाकर व पाण्याची सुरई उशाशीं ठेविली. त्याला खाऊं दिलें, पुन्हां निजूं दिलें, आणि पुन्हां उठवून खावयास घातलें. देवाचें त्याच्याशीं जें बोलणें व्हावयाचें होतें तें पुढें होरेब डोंगरावर झालें. आपण बहुधा होरेबापासून प्रारंभ करितों. दमलेल्या भगिनीकडे जाऊन धीर धरा, प्रार्थना करा, असें सांगतों, एक अध्याय वाचतों, चहा घेतों, आणि त्या चहाच्या कपबशा तिलाच विसळावयास ठेवून येतों.

मार्थेलाहि आपण उपदेशांतून फार बोल लाविले. लूकाच्या दहाव्या अध्यायांत तिची तक्रार काय आहे? सेवेचें काम आपल्या एकटीवर टाकलें, ही तिची तक्रार आहे. कामापेक्षां एकटेपण जड, असें आमच्या कितीतरी भगिनी सांगतील.

आतां वचनपाठाकडे परत येऊं. शिष्य मचव्यांत बसून एकांत स्थळीं निघाले खरे. पण लोक पायीं धांवत पुढें जाऊन पोंचले. विसांव्याच्या जागेवर काम आधींच येऊन बसलेलें होतें. ज्यांच्या घरीं असें आजारपण आहे त्यांना हें नवल वाटणार नाहीं. तेव्हां प्रभूनें काय केलें? त्या लोकांचा त्याला कळवळा आला आणि तो स्वतः त्यांना शिकवूं लागला. लोकांचें जेवण झाल्यावर त्यानें शिष्यांना मचव्यांत बसून पलीकडे जाण्यास भाग पाडिलें, आणि जमावाला निरोप देण्यासाठीं तो आपण मागें राहिला. (पुढें त्यांना वारा समोरचा लागला, हें आम्ही विसरलों नाहीं, पण त्या दोषाचें धनी लोक नव्हते.) भाग पाडिलें, हा शब्द लक्षांत ठेवण्यासारखा आहे, कारण दमलेलें माणूस आपण होऊन जात नाहीं. आणि मागें राहणें, हें त्याहूनहि लक्षांत ठेवावें. विसांवा घ्या, असें सांगणारे आपण सर्व आहों. पण जमाव सांभाळावयास कोणी मागें राहिल्यावांचून कोणालाहि विसांवा मिळत नाहीं. म्हणून, बाई, जरा स्वतःकडे पाहा, असें अशा भगिनीला सांगण्याआधीं, तिच्या जागीं दोन तास कोण बसेल, हें मंडळीनें ठरविलें पाहिजे.

हें काम मोठ्या शिकलेल्यांचेंच आहे असें नाहीं. आपल्या शेजारच्या गोव्यांत, इ.स. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, लोक स्मृतिभ्रंशाचीं लक्षणें चांगलीं ओळखीत, पण त्याला रोग न मानतां म्हातारपणाचा भागच समजत. पुढें तेथेंच डॉ. अमित डायस व त्यांचे सहकारी यांनीं ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, आणि इ.स. २००८ मध्यें त्याचा वृत्तांत दिला. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना थोडें शिक्षण देऊन त्यांनीं घरोघर पाठविलें. या माणसांनीं सहा महिने जाऊन रोगाची माहिती द्यावी, रुग्णाच्या हट्टाला कसें तोंड द्यावें तें दाखवावें, सरकारी योजनांची वाट सांगावी, आणि सांभाळणारीचें ऐकून घ्यावें, एवढेंच काम होतें. सांभाळणाऱ्यांच्या मनाचें आरोग्य त्यामुळें सुधारलें, आणि रुग्णाच्या विचित्र वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रोग तोच राहिला. घर मात्र थोडें हलकें झालें. मोठ्या शहरांत अशा रुग्णांना दिवसभर ठेवून घेणारीं कांहीं केंद्रें आहेत, पण आपल्या वाड्यावस्त्यांवर तीं येण्याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. आपल्यापाशीं मंडळी आहे, स्त्रीसभा आहे, तरुण संघ आहे.

तेव्हां पंचांनीं व स्त्रीसभेनें मिळून अशीं घरें कोणतीं तें आधीं शांतपणें पाहावें. प्रत्येक घरासाठीं तिघां-चौघांनीं नांवें द्यावीं, आणि आठवड्यांतून एक ठराविक दिवस व ठराविक वेळ धरावी. आम्ही कधींहि येऊं, असें म्हणणारा बहुधा कधींच येत नाहीं. बुधवारीं दोन वाजतां येतों, असें म्हणणारा येतो. म्हातारा पुरुष असेल तेथें पुरुषांनींच बसावें. प्रथम दोन-तीन वेळां घरची बाई हजर असतांनाच जाऊन बसावें, म्हणजे आजारी माणसाला चेहरा सरावाचा होतो, आणि पाणी कसें पाजावें, कशाची भीति वाटते, कोणत्या नांवानें हांक मारिली म्हणजे ओ येते, हें शिकतां येतें. त्या घरांत जें दिसेल तें पाणवठ्यावर बोलूं नये. एवढी एक गोष्ट सांभाळली नाहीं तर दुसऱ्या आठवड्यांत तें दार आपल्याला उघडणार नाहीं, आणि तें योग्यच होईल.

पुण्यामुंबईस राहणाऱ्या दीर-नणंदांसहि दोन शब्द. फोनवरून, आईला वेळेवर औषध देतां ना, असें विचारणें म्हणजे सांभाळ नव्हे. महिन्यांतून दोन दिवस येऊन रात्रीं आईच्या खाटेशीं निजावें आणि वहिनीला तिच्या माहेरीं पाठवावें. मोशेचे हात जड झाले तेव्हां अहरोन व हूर यांनीं दोन्ही बाजूंनीं ते धरून ठेविले. दूर उभे राहून, हात खालीं येऊं देऊं नको, असें ओरडले नाहींत. आणि त्याआधीं मोशेला बसावयास त्याच्याखालीं धोंडा सरकविला होता. वृद्धांसाठीं सरकारनें इ.स. २०२१ मध्यें सुरू केलेला १४५६७ हा मोफत दूरध्वनि क्रमांकहि घरांत लिहून ठेवावा.

मिळालेल्या दोन तासांत त्या भगिनीनें काय करावें, याविषयीं आम्हांस एकच म्हणावयाचें आहे: तें कोणीं विचारूं नये. स्त्रीसभेला आली तर आनंदच आहे, पण त्यासाठीं हे दोन तास दिलेले नाहींत. ती बाजारांत फिरून बांगड्या भरील. बहिणीकडे जाऊन गप्पा मारील. डोक्याला तेल लावून पायरीवर उन्हांत बसेल. कदाचित् शेजारणीच्या माजघरांत जाऊन नुसती झोपेल. राहिलेलें धुणें उरकावें असें तिच्या मनांत येईल, आणि तेवढें मात्र तिच्या हातून काढून घ्यावें. कामांतून वेळ काढून दुसरें काम करणें याला आपण विसांवा म्हणत आलों आहों. स्त्रियांच्या बाबतींत तर नेहमींच. माझ्यामागें कांहीं झालें तर, ही भीति तिला वाटणारच. सासूबाई रडतील, माझें नांव घेतील, लोक मला काय म्हणतील, असेंहि ती म्हणेल. तिचें हें म्हणणें खोटें नाहीं, म्हणून तें उडवून लावूं नये. सासूबाई कदाचित् रडतीलहि; थोड्या वेळानें रडण्याचें कारण विसरतील, आणि जवळ कोणी हात धरून बसलें असेल तर तेवढ्यानें निवतील.

बसणाऱ्यानें तेथें काय करावें? वाद घालूं नये. माझी आई कोठें गेली, असें ऐंशी वर्षांच्या आजीबाईंनीं विचारलें तर, ती मेली, असें सांगून त्यांना दररोज नवें दुःख देऊं नये. आई कशी होती, तें विचारावें, आणि त्या सांगतील तें ऐकावें. शेंगा निवडावयास, चिंध्यांच्या घड्या घालावयास द्याव्या. घडी चुकली तरी चुकूं द्यावी. आणि गावें. काल काय जेवलें तें ज्यांना आठवत नाहीं त्यांना लहानपणीं तोंडपाठ केलेलें गीत पुष्कळदां आठवतें. नारायण वामन टिळकांचें एखादें भजन हळू आवाजांत धरावें. एकादें कडवें झाल्यावर कधीं कधीं खाटेवरून दुसरा आवाज येऊन मिळतो.

पहिल्या दिवशीं घरची बाई निघतांना दोनदां मागें फिरेल. दुधाचें सांगावयाचें राहिलें म्हणेल, मग किल्ली विसरली म्हणेल. तिला बोळाच्या तोंडापर्यंत पोंचवून यावें, आणि आंत येऊन दार लोटून घ्यावें.